वेगळं व्हायचं

तलवाड्याच्या वर्षाराणीने मराठी तारखा, आकडे आणि शुद्धलेखन सांभाळणारा प्रोग्राम लिहिला होता. कुणीही तो फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा. पण सगळा कोड एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे एकाच ऑनलाइन साठ्यात, कोंबलेला. तारखांना हात लावला की शुद्धलेखन बिघडायचं. शेवटी वैतागून तिने पुण्याच्या सहकाऱ्याला फोनवर ठणकावलं, "आता वेगळं केल्याशिवाय भागायचं न्हाई. एकत्र ठेवून रोजचीच कटकट. ज्याचं त्याचं स्वतंत्र, म्हणजे सगळे सुखी!"

फोन ठेवून वळते तर दारात सासूबाई, कौशल्याबाई, उभ्या.

"कवा व्हायचं वेगळं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"अवो आत्याबाई, घराचं न्हाई! माझ्या कामाचं बोलत होते. एका प्रोग्रामचे तीन करायचेत."

कौशल्याबाई मटकन खाली बसल्या. "म्हंजी आपण एकत्रच ऱ्हायाचं?"

"व्हय की."

"मला वाटलं, सुटले एकदाची! तुझं अळणी कालवण खाऊन लई कटाळलेय गं. वरच्या खोलीत माझी चूल मांडायची कवाचं मनात हाय. पण तुला काय वाटंल म्हणून बोलले न्हाई."

वर्षाराणीला हसू फुटलं, मग दोघीही पोट धरून हसत सुटल्या.

संध्याकाळी कोडचे तीनही भाग आपापल्या रिपॉझिटरीत गेले. तेवढ्यात वरून ठेच्याचा खमंग ठसका आला, आणि लॅपटॉप तसाच उघडा टाकून वर्षाराणी ताट घेऊन जिना चढली.