शेठजींचा निर्जळी उपास

गावच्या विहिरीवर आम्हाला बंदी होती, म्हणून अठ्ठ्याहत्तर साली एका सेवामंडळानं आमच्या बौद्धवाड्यात हातपंप बसवला. देणगी निपाणीच्या तंबाखूवाल्या शेठजींची. आपल्या पैशानं केवढं पुण्य झालं ते त्यांना डोळ्यांनी दिसावं, म्हणून मंडळाच्या सेक्रेटरींनी त्यांना जीपमधून वाड्यात आणलं.

"तानीबाई, पहिला तांब्या शेठजींना तूच द्यायचा," असं सेक्रेटरींनी माझ्या आईला आधीच सांगितलेलं. तिनं चिंच लावून तांब्या सोन्यासारखा घासला होता.

पंपाला हार घालून शेठजी समतेवर एवढं बोलले, की घसा कोरडा पडला. आईनं भरला तांब्या पुढं केला.

"लई ग्वाड पानी हाय, शेठजी. घ्या की."

शेठजींनी लांबूनच हात जोडले. "आज माझा निर्जळी उपास आहे, बाई."

आई तांब्या धरून तशीच उभी. तेवढ्यात ड्रायव्हर ओरडत आला, "साहेब, रेडिएटरातलं पाणी संपलंय!"

"मग इथलंच घाल की रे, भरपूर आहे," शेठजी म्हणाले.

आईनं हातातला तांब्या ड्रायव्हरला दिला.



"गाडीचा उपास न्हाय न्हवं, शेठजी?"