रोहूची ओटी

सासू खणनारळाचं ताट घेऊन हौदाशी आली, तेव्हा पार्बता दोन्ही हात पसरून वाटेतच उभी राहिली.

"काहून व? भरल्या पोटाची रोहू ओटीशिवाय ठेवतं का?"

"यंदा तिले उगाच कोणी हात लावायचा नाही, आत्याबाई."

मागे ढोल थबकला. बचत गटाच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. ही रीत पार्बतेनंच तर पाडली होती! मागच्या साली प्रत्येकीनं त्या मासोळीला पाण्याबाहेर उचलून हळदकुंकू लावलं, आणि अंडी सुटण्याचं इंजेक्शन देऊनही तिनं ती सोडली नाहीत. तापलेलं पाणी आणि जिवाची धास्ती, या दोहोंनी अंडी पोटातच जिरतात, असं मत्स्यबीज केंद्रातल्या बाईंनी मागाहून सांगितलं. यंदाही तसंच झालं, तर पिल्लांवाचून गावतळं रिकामंच राहणार होतं.

"देवी कोपंन," सासू म्हणाली.

"कोपली तर माह्यावर कोपो. ढोल घरी न्या."

पार्बतेनं हौदावर ओली पोती अंथरली. विहिरीचं गार पाणी दिवसभर बारीक धारेनं सोडत राहिली. सोमवार होता, तोंडात कण घेतला नाही. सांजेला इंजेक्शनापुरताच मासोळीला हात लागला.

सकाळी तिनं पोत्याची कड उचलली. भिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी हौदभर घोळत होती.

सासू ताट घेऊन पुन्हा आली. पार्बता काही बोलायच्या आत तिनं बांगड्या वाजू नयेत म्हणून वर सारून घट्ट बसवल्या, आणि ओटीचे तांदूळ काठावरच अलगद ठेवले.