वाजणारा चेंडू

“वाजला पाहिजे,” मानसिंगराव म्हणाले. “पण मला एकट्याला ऐकू येईल इतकाच.”

सोनबा धनगरांच्या हातातली लोकर कातायची चाती फिरत राहिली. नसरापूरच्या बाजारात ते घोंगड्या मांडून बसले होते. भोर आणि वेल्हे यांच्या सामन्याचा चेंडू दरवर्षी तेच करत. आत लोकरीच्या सुताचा गोळा, वरून शेळीचं कातडं. क्रिकेटच्या टणक चेंडूने खेळता खेळता सावळारामांचं बोट मोडलं, तेव्हापासून दोन्ही संघांनी हा मऊ चेंडू मान्य केला होता. खेळणाऱ्यांत पन्नाशीच्या आतलं कुणी नव्हतं.

“मधोमध कळकाचं पेर घाला, पोकळ. त्यात चार गुंजा,” मानसिंगराव पुढे वाकून म्हणाले. “आणि हे कुणाला...”

“कुनाला न्हाई.”

सोनबांनी कशासाठी म्हणून विचारलं नाही. मानसिंगरावांना ते बरंही वाटलं आणि खटकलंही.

वर्षभरापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. आता डाव्यापुढेही आलं होतं. संघाचा नियम साधा होता: ज्याला चेंडू दिसेना, त्याने बांधावर बसायचं. दोन वर्षांपूर्वी दत्तोबा कंपाउंडरांना असंच बसवलं होतं. ते अजून दरवर्षी येत. पाण्याच्या घागरीजवळ बसून विचारत, “कोण बाद झालं? अरे, सांगा की कुणीतरी!” खेळाच्या भरात कुणी सांगत नसे. त्यांना बसवायचं म्हणून पहिल्यांदा बोलले होते ते मानसिंगरावच.

कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मानसिंगरावांना वर्षातून याच एका दिवसासाठी बोलावणं येई.

सामना वेल्ह्यात होता. भोरची मंडळी आदल्या दिवशीच बैलगाड्यांनी आली. तोरण्याच्या पायथ्याशी, भात काढलेल्या खाचरात, सकाळी चेंडू मारायच्या फळ्या बाहेर निघाल्या. सोनबांनी आणून दिलेला चेंडू मानसिंगरावांनी हळूच हलवला आणि लगेच दोन्ही हातांनी घट्ट धरला. चार गुंजांचा आवाज एवढा नसतो. हा तर तान्ह्या पोराचा खुळखुळा झाला होता.

वेल्ह्याच्या संघाचे म्होरके गेनबा. त्यांनी चेंडू घेतला, कानाजवळ नेला आणि थांबले.

“यंदा जड झालाय वाईच,” ते म्हणाले.

“लोकर ओली असेल,” मानसिंगराव घाईने म्हणाले.

पंच सावळाराम होते. बोट मोडल्यापासून त्यांनी फळी सोडली होती. उभी हयात जमीनमोजणीत गेलेली. साखळी टाकण्याआधी नुसत्या नजरेने ते गुंठे सांगत, आणि त्यांचा निकाल दोन्ही गावं मानत.

भोरकडून मानसिंगराव फळी घेऊन उभे राहिले. चेंडू एकसारखा फिरत असला की बिया कडेला चिकटतात आणि आवाज थांबतो, हे त्यांनी घरी डबीत गुंजा घालून पाहिलं होतं. म्हणजे चेंडू वाजणार तो हातातून सुटताना आणि टप्पा पडताना. टप्पा वाजला की फळी फिरवायची.

पहिला चेंडू त्यांनी बांधापर्यंत मारला. दुसराही.

पण खाचरात काहीतरी बिघडलं होतं. दरवर्षी नुसता गलका असे. यंदा कुणी चकार शब्द काढत नव्हतं. गडी माना तिरक्या करून उभे होते. सावळाराम नेहमीपेक्षा दोन पावलं जवळ सरकले होते. बांधावर भाकऱ्या घेऊन आलेल्या रतनबाई शेजारणीशी बोलू लागल्या, तसे गेनबा ओरडले, “रतनबाई, गप बसा की! कीर्तनाला बसल्यावानी बसा!”

“कीर्तनात तरी तुमी कवा गप बसलाय?” रतनबाई म्हणाल्या.

एरवी सगळे हसले असते. आज कुणी हसलं नाही. सगळे आवाजाचा माग काढतायत, मानसिंगरावांना वाटलं.

जिंकायला एकच धाव उरली. गेनबांनी चेंडू टाकला आणि नेमका वारा सुटला. टप्पा ऐकूच आला नाही. मानसिंगरावांनी अंदाजाने फळी फिरवली. चेंडू कडेला लागून उडाला. मागे कुणीतरी धपकन पडलं.

“झेल! झेल!” वेल्ह्याचा भिमा धनगर पडल्या जागेवरून ओरडला.

सगळे सावळारामांकडे वळले. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

“आधी टप्पा पडला होता,” शेवटी ते म्हणाले. “मी या डोळ्यांनी पाहिला.”

गेनबा अशा वेळी दिवस मावळेपर्यंत भांडत. आज नुसते म्हणाले, “पंचांनी बगितला म्हंजी पडला आसंल.”

पुढच्या चेंडूचा टप्पा स्पष्ट वाजला. भोर जिंकलं. गेनबांनी येऊन मानसिंगरावांना मिठी मारली. “नजर लई तेज हाय तुमची. घारीवानी.”

“तुमचीही काही कमी नाही,” मानसिंगराव म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दिवस कलला तेव्हा गुळाची ढेप घेऊन ते एकटेच धनगरवस्तीकडे निघाले. चढणीवर समोरून कुणीतरी उतरत होतं. चेहरा दिसला नाही. त्या माणसानेही ओळख दिली नाही. काठीने वाट चाचपत तो जवळून निघून गेला.

सोनबा मेंढरांकडे गेले होते. दारात त्यांची बायको, सोजराबाई, वाकळ शिवत होती.

“चेंडू उत्तम झाला म्हणून सांगा,” मानसिंगराव म्हणाले. “पुढल्या वर्षीही तसाच करा म्हणावं. एवढा गूळ ठेवून जातो.”

“ठिवा की आत, कोपऱ्यात.”

ते अंधारात वाकले आणि हाताने जागा चाचपू लागले.

“जपून वो, मानसिंगराव,” सोजराबाई म्हणाली. “ते तांदूळ गेनबांचं हायती, त्यावर नगा ठिवू. पंचांच्या गुळाशेजारी ठिवा. आत्ताच दिऊन गेलं त्ये. म्हनलं, फुडल्या साली गुंजा आनिक वाढवा.”