तिच्या नावाचा फिशपॉन्ड

विंगेत उभी राहून रोहिणी फिशपॉन्डच्या पेटीतून एकेक चिठ्ठी काढून देत होती आणि सेक्रेटरी ती माईकवर वाचत होता. ज्याची टर उडे तो लाजत, हसत उभा राही. हॉल शिट्ट्यांनी दणाणून जाई.

गॅदरिंगच्या कमिटीत तिचं हे तिसरं वर्ष. खुर्च्या मांडल्या, माळा बांधल्या, याच सेक्रेटरीचा घसा बसला तेव्हा थर्मासमधून गरम पाणी आणून दिलं. पण तिच्यावर कधी कुणी फिशपॉन्ड टाकला नव्हता. टर उडवायची तरी माणूस माहीत असावं लागतं. म्हणून यंदा तिनंच, डाव्या हातानं, स्वतःवर एक लिहिला होता.

"रोहिणी ठोंबरे, तू पडद्यामागेच बरी! पुढे आलीस तर पडदा आपणहून पडेल!"

रोहिणीनं श्वास रोखला. ओशाळं हसू तिनं आरशासमोर आधीच बसवून ठेवलं होतं.

कुणी हसलं नाही. "कोण रे ही?" मागून कुणीतरी ओरडलं.

सेक्रेटरीनं चिठ्ठी उलटसुलट केली. "काय माहीत! फर्स्ट इयरची असेल कुणीतरी." मग विंगेकडे न बघताच त्यानं हात पुढे केला. "ए, पुढची दे गं."

रोहिणीनं दिली.