सातवा बैल

"काका, यातला माहा बैल कोणता?"

मनकर्णा बाकावरची रांग तिसऱ्यांदा पाहत होती. चाकांच्या फळ्यांवर बावीस लाकडी बैल उभे होते. सगळ्यांची शिंगं सारखी, सगळ्यांची नजर समोर.

"तो पाह्य, सातवा," रूपराव सुतार हळूच म्हणाला.

"त्याची मान तं सरळ हाये."

"म्या केली सरळ. वाकड्या मानेचा बैल साहेबाले कोणी दाखवते का?"

"समदे एकाच गाईचे दिसून राह्यले," शेजारची जिजा म्हणाली. पोरं फिसकन हसली. रूपराव हसला नाही.

गावातले वखर, तिफणी, बैलबंड्या सगळ्या त्याच्याच हातच्या. स्वतः मात्र तो दुसरीपर्यंतच शिकलेला. दोन महिन्यांपूर्वी हेडमास्तर प्रभाकरराव त्याच्या अंगणात आले आणि म्हणाले, "पोरांना तान्ह्या पोळ्यात ओढायचे लाकडी बैल शाळेतच करायला शिकवाल का?" तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस तो धुतलेला सदरा घालून शाळेत येई. मास्तरांच्या हजेरीपटावर त्याचं नाव कायमचं चढायचं की नाही, हे आज शाळा तपासायला येणारे डिप्टीसाहेब पोरांचं काम पाहून ठरवणार होते.

रविवारी चाकं बसवायला म्हणून त्यानं बैल घरी नेले होते. एक बैल शेळीसारखा दिसत होता. एकाचा पाय आखूड होता. एकाची मान पार मागे वळलेली. आजवर त्याच्या अंगणातून कच्चं काम बाहेर गेलं नव्हतं. त्यानं पटाशी उचलली आणि दिवेलागणीलाच खाली ठेवली.

हेडमास्तरांसोबत डिप्टीसाहेब आले. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि नेमका सातवा बैल उचलला.

"हा कोणी केला?"

मनकर्णा उभी राहिली. तिनं रूपरावकडे पाहिलं. त्याच्या बोटांत कानस गोल गोल फिरत होती.

"म्या केला, साहेब."

"एकटीनं?"

"हो." ती पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरू लागली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. प्रभाकररावांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"थांबा साहेब." रूपराव उठला. "पोरगी खोटं बोलून राह्यली. माह्यासाठी. हे समदे बैल म्या घरी नेऊन नीट केले. पोराइचं काम आता याच्यात उरलं नाई."

साहेबांनी टोपण परत लावलं.

"मग मी पाहू तरी काय?"

रूपरावनं हत्यारांची पिशवी उघडली. पटाश्यांच्या तळाशी हात घालून त्यानं मागे वळलेल्या मानेसकट एक लहानसं मुंडकं काढलं. रविवारी त्यानंच ते करवतीनं उतरवून तिथे नवं बसवलं होतं. पण जुनं चुलीत टाकायला त्याचा हात धजला नव्हता.

"हे पोरीचं," तो म्हणाला.

साहेबांनी ते उजेडात धरलं. डोळे खोल कोरलेले होते. एक कान मागे टवकारलेला होता.

"हिनं मान अशी मागे का वळवली?"

मान वाकडी झाली, हे रूपरावनं पोरीला तीनदा सांगितलं होतं. का, ते एकदाही विचारलं नव्हतं. तो मनकर्णाकडे वळला.

"काऊन वं पोरी?"

"जिजाच्या बैलाचा पाय आखूड होता न," मनकर्णा म्हणाली. "रांगेत तो मांगं राहून जाये. माहा बैल त्याच्यासाठी थांबलता."

जिजानं आपल्या, आठव्या बैलाकडे पाहिलं. तो चार धडक्या पायांवर उभा होता.

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि हजेरीपट जवळ ओढला. रूपरावचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यानं आठवा बैल मांडीवर घेतला, पटाशी हातात घेतली आणि जिजाला जवळ बोलावलं.

"पाय केवढा आखूड होता, बाई? दाखवजो मले."