विकतची तंबाखू

“मिस्टर, चहा.”

हेडली केरिपेलने तंबाखूचा शेंडा खुडता खुडता मान वळवली. काचघराच्या दारात रूबी उभी होती. एका हातात कप, दुसऱ्या हाताने नाक घट्ट धरलेलं.

“मिस्टर कोण गं? बाप आहे मी तुझा.”

“हो. चुकलं,” असं नाकातल्या नाकात म्हणून तिने कप उंबऱ्यावर ठेवला आणि धूम ठोकली.

चहा तिथेच गार झाला. पाच वर्षांची होती रूबी, तेव्हा गेली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौज या गर्न्सी बेटावर उतरायच्या आधी शाळेतल्या पोरांना बोटीत घालून इंग्लंडला धाडलं, त्यात तीही. आईबाप मागे राहिले. जर्मन आले, ठाण मांडून बसले आणि एकदाचे गेले. आता लढाई संपली होती, पोरगी दहा वर्षांची होऊन परत आली होती. तिकडे ओल्डहॅमला, गिरणीत काम करणाऱ्या वॉल्टर नावाच्या माणसाने आणि त्याच्या बायकोने तिला सांभाळलं होतं. नीट सांभाळलं होतं, त्याबद्दल बोलायला जागा नव्हती. हळूहळू ती आईच्या मांडीवर डोकं ठेवायला लागली होती. बापाजवळ मात्र फिरकत नव्हती. जिच्यासाठी इतकी वर्षं जीव तुटला ती डोळ्यांसमोर होती, आणि हेडलीला तिच्या केसांवरून हात फिरवायची चोरी झाली होती.

त्या दिवशी त्याच्या बायकोने, आडेलने, तोंड उघडलं.

“तुझ्या वासानं येत नाही ती.”

“काय बोलतेस!”

“खरं तेच बोलते. लहान होती तेव्हा तुझ्या कोटात तोंड खुपसून झोपायची. तेव्हा तू दुकानातली तंबाखू ओढायचास. आता जे काही जाळतोस ना, त्यानं माझ्यासुद्धा पोटात ढवळतं. मी आपली बायको म्हणून सोसते.”

हेडलीला हे फार लागलं. त्याच्या तंबाखूला नावं ठेवायची गावात कुणाची छाती नव्हती. बाहेरून काही येईनासं झालं तेव्हा लोक कुंपणावरची काटेरी पानं वाळवून ओढत होते आणि खोकून बेजार होत होते. हेडलीने कुठून तरी धुळीएवढं बारीक बी मिळवलं. टोमॅटोच्या काचघरात त्याची रोपं धरली, शेंडे खुडले, पानांच्या बेचक्यातल्या बगलफुटी काढल्या. पानं माळ्यावर टांगली, बिटाच्या पाकाचा हात देऊन फडक्यात दाबून ठेवली. जर्मन शिपाईसुद्धा पाव देऊन चिमूटभर मागून न्यायचे. पण मोठेपणाचं त्याला काही नव्हतं. संध्याकाळी पाइप पेटवायचा आणि पोरगी आता जेवली असेल का, कोण तिची वेणी घालत असेल, असा विचार करत समुद्राकडे बघत बसायचं. या धुराच्या आधाराने तर त्याने ते दिवस काढले होते.

सकाळी उठून तो काचघरात गेला आणि झाडं मुळासकट उपटायला लागला. शेजारचा क्लॅरन्स टोरोड आवाज ऐकून धावत आला.

“अरे, डोकं फिरलं का तुझं? थोड्या दिवसांत पानं पिवळी पडून तोडायला आली असती!”

“हवी तर घेऊन जा.”

“आणि तू काय ओढणार? समुद्राचं वारं?”

“विकतची.”

“विकतची! साहेब झाले हेडलीराव,” क्लॅरन्स म्हणाला. पण हेडली हसला नाही, तेव्हा तो झाडं गोळा करू लागला.

इंग्लंडचा माल आता बंदरावरच्या दुकानात यायला लागला होता. हेडलीने तंबाखूचा डबा आणला. पूर्वी ओढायचा तीच. घरी येऊन बोटांवरचा काळा चीक वाळूने घासून काढला. आडेलने कोट धुऊन उन्हात टाकला. संध्याकाळी तो कोट घालून अंगणातल्या बाकावर बसला आणि पाइप पेटवला. लग्नाला मागणी घालतानाही तो इतका घाबरला नव्हता.

रूबी दोरीवरच्या उड्या मारत होती. धूर तिच्यापर्यंत गेला आणि ती थांबली. नाक वर करून तिने वास घेतला. दोरी हातातून गळून पडली. ती हळूहळू जवळ आली, बाकावर टेकली, जरा सरकली, आणि एकदम तिने त्याच्या कोटात तोंड खुपसलं.

दारात आडेलने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं.

“ओळखलंस ना, बाळा?” त्याने विचारलं.

तिने कोटातल्या कोटात मान हलवली. ती रडत होती.

“वॉल्टर काकांच्या कोटाला असाच वास यायचा,” ती हुंदके देत म्हणाली. “मला घरी जायचंय.”

आडेल दारातून आत निघून गेली. हा पाइप उचलून समुद्रात भिरकावून द्यावा असं हेडलीला वाटलं. पण पोरीने कोट दोन्ही मुठींत घट्ट धरला होता, आणि बोलता बोलता पाइप विझत आला होता.

त्याने खिशातून काडी काढली आणि तो पुन्हा पेटवला.