नवी फ्रेम

यवतेश्वरच्या उतारावर सायकलची फ्रेम मोडली आणि ऋजुताचा हात प्लॅस्टरमध्ये गेला. तरी पंधरा दिवसांत ती नवी फ्रेम निवडायला दुकानात हजर! सोबत हेरंब होता. दोन वर्षांपूर्वी आपली ही माउंटन बाइक त्यानेच तिला विकली होती, डोंगर उतरायलाही त्यानेच शिकवलं होतं.

मागे धक्के झेलणारं सस्पेन्शन असलेली एक काळी फ्रेम तिला आवडली. तेवढ्यात तिने सोबत आणलेली मोडकी फ्रेम खरवडून बघणारे दुकानातले मेकॅनिककाका थबकले.

"पोरी, ही भेग त्या दिवशीची नाही, जुनी आहे. कुणीतरी पुट्टी भरून वरून रंग दिलाय."

ऋजुताने चमकून हेरंबकडे पाहिलं. तोही हादरला असेल असं तिला वाटलं होतं. तो मान खाली घालून उभा होता.

"मला वाटलं, तू रस्त्यावरच चालवशील," तो पुटपुटला.

ती मटकन स्टुलावर बसली.

"अरे, पण डोंगरावर तूच न्यायचास ना मला?"

काळी फ्रेम उतरवायला हेरंबने हात वर केला.

"तिला हात लावू नकोस," ती म्हणाली. "काका, तुम्हीच काढून द्या."